पट्ट्याखालचं नाव

१४ मार्च, दुपार

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचे गुडघे तुला माहीत आहेत तसेच, जिना चढताना कुरकुरतात आणि कुणी विचारलं की त्या गुडघ्यांचा मालक म्हणतो "काही नाही". भाचीच्या पुढच्या दाताचा फोटो पोहोचला. दात छान आहे, हसू मात्र भावोजींवर गेलंय, त्याला आता इलाज नाही.

तू मला पाठवलेला स्वेटर दोन मापं मोठा निघाला. मी इतकी फुगले असेन असं तुला वाटलं, की तो मुळात दुसऱ्याच कुणाच्या मापाचा होता, हे मी विचारणार नाही. बाबांना तो अगदी बरोबर बसतो. कुणी पाठवला हे त्यांनीही विचारलं नाही. चार दिवस झाले, अंगातून काढलेला नाही.

मोठी बातमी अशी की बाबा होड्यांचं काम थांबवताहेत. शेडमधलं सामान आवरायला काढलंय. अर्धवट डबे, गंजलेले स्क्रू, एका पायाची तीन स्टुलं. काहीही टाकायला निघालं की "राहू दे, लागेल" म्हणतात, त्यामुळे आवरणं म्हणजे इथलं उचलून तिथे ठेवणं एवढंच चाललंय. आणि आपली होडी एका निवृत्त मास्तरांनी घेतली. माणूस सज्जन आहे. होडीबद्दल त्यांना काहीही कळत नाही, पण विचारतात नम्रपणे. त्यांना होडी कोरी हवी आहे. जुना नंबर, पट्टे, सगळं काढून. मग ते त्यावर बायकोचं नाव लिहिणार.

तर गेला आठवडाभर मी हेच करतेय. होडी लाकडी घोड्यांवर चढवली आहे आणि मी खाली पाटावर बसून, तुझा जुना केस वाळवायचा ड्रायर हातात घेऊन, तिच्यावर चिकटवलेला लाल पट्टा सोडवतेय. किचकट काम आहे. ड्रायर जरा जास्त वेळ धरला तर खालचा निळा रंग फुगतो, लवकर उचलला तर पट्टा नखाएवढ्या तुकड्यांनी निघतो. लोखंडी पातं चालत नाही, ओरखडे पडतात, म्हणून प्लॅस्टिकची पट्टी घ्यायची. मागे उरलेला चिकटा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायचा, तोही हलक्या हाताने. दिवसाला दोन हात लांबी झाली तरी खूप. माझ्या बोटांचा वास आता साबणाला दाद देत नाही.

बघ, पान भरत आलं तरी मी ड्रायरवरच आहे. ताकाला जाऊन भांडं लपवणं पुरे. हे फोनवर सांगणार होते, पण फोनवर मी पुन्हा "हं" म्हणून मोकळी झाले असते.

ताई, त्या पट्ट्याखाली तुझं नाव आहे. होडीच्या पुढच्या बाजूला, बाबांच्या हातची पांढरी अक्षरं, 'थोरली'. एकही अक्षर खरवडलेलं नाही. आणि तो पट्टा बाबांनी लावलेला नव्हता. मी लावला होता.

मी जन्मले त्या वर्षी बाबांनी ही होडी पुरी केली आणि तिच्यावर लिहिलं काय, तर 'थोरली'. पाळण्यात मी आणि कौतुक तुझं. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. पण तू बाबांशी दोन दिवस भांडून शहरातल्या नोकरीला निघून गेलीस, आणि मग रोज सकाळी शेडमध्ये जायचं, बाबांची बोलणी खात राबायचं, आणि समोर ते नाव. राहिले मी आणि नाव तुझं, याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाबा चार दिवस काकांकडे गेले तेव्हा मी लाल पट्टा आणला आणि दोन्ही बाजूंनी टोकापासून टोकापर्यंत चिकटवला. बाबा परत आले, बघत उभे राहिले आणि एवढंच विचारलं, की सरळ बसलाय का. मी म्हटलं, बसलाय.

मग पाच महिन्यांनी तू समेट करायला आलीस, न कळवता. फाटकातून तुला होडी दिसली, नाव दिसलं नाही, आणि तू तिथूनच परत फिरलीस. त्या संध्याकाळी तुझा फोन आला. "बाबांनी माझं नाव पुसलं ना?" मी म्हटलं, "हं."

त्या एका "हं"ला अकरा वर्षं झाली. आधी भीती वाटली, मग लाज, आणि पुढे पुढे ते भिजत घोंगडं तसंच राहिलं. मी तुझ्याकडे दोनदा राहून गेले, तुझ्या हातचं जेवले, तू बाबांचा विषय निघाला की उठून भांडी घासायला लागायचीस, आणि मी मुकाट्याने ती पुसायला यायचे.

परवा मी पुढच्या बाजूला पोहोचले. मधोमध हातभर पट्टा ड्रायर न लावताच सुटून हातात आला. मला कारण माहीत होतं. चिकटवण्याआधी त्या अक्षरांवर मी मेण चोळलं होतं. जो रंग पुढे कधी उघडा करायचा असेल तो झाकताना आधी मेण लावायचं, हे बाबांनीच आपल्याला शिकवलेलं. तेव्हा मी ते का केलं, आजही धड सांगता येणार नाही. रागात होते, पण हात शहाणे होते.

बाबा स्क्रू निवडत बसले होते. उठून आले, अक्षरांवरून अंगठा फिरवला, अंगठ्याचा वास घेतला. माझी पाचावर धारण बसली.

"मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं," ते म्हणाले. "तेवढ्याच जागी पट्टा फुगला होता. ज्याला नाव खोडायचं असतं तो मेण लावत नाही."

मी विचारलं, मग ताईला का नाही सांगितलंत. तू फाटकातून फिरलीस तेव्हा ते शेडच्या दारातच होते म्हणे. हाक मारावीशी वाटली, पण भांडणाचा ताठाही अजून उतरला नव्हता, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. आणि नंतर, मी तुला काय सांगितलं असणार हे त्यांनी ओळखलं.

"खरं सांगितलं असतं तर तिची बहीणही गेली असती," ते म्हणाले. "बापावर रुसून माणूस जगतं. म्हटलं, तुम्हा दोघींचं तरी राहू दे."

मी तिथेच पाटावर बसून रडले. ड्रायर चालूच होता, तो त्यांनी बंद केला. ताई, तुझी पत्रं, भाचीचे फोटो, तुझी माया, हे सगळं मी अकरा वर्षं त्यांच्या वाट्यातलं खाल्लंय, आणि त्यांनी ते मला खाऊ दिलं.

आता पुढचं. ती अक्षरं काढायला अर्धा तास पुरे, पण बाबांनी टर्पेंटाइनची बाटली कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली आहे. तुला बोलाव असं ते म्हणाले नाहीत. म्हणणारही नाहीत, तू तरी कुठे म्हणशील, एकाच लाकडाची आहात दोघं. मास्तरांकडून मी महिनाअखेरची मुदत मागून घेतली. त्यानंतर नाव जाईल, आणि जायलाच हवं, होडी त्यांची आहे. पण त्याआधी तू ये आणि बाबांच्या शेजारी उभी राहून ते बघ. मला तू हवी आहेस, पण माझ्याहून त्यांना जास्त हवी आहेस.

मला माफ कर, असं इतक्यात म्हणत नाही. रागावूनच ये. फक्त बाबा समोर आले की त्यांच्यावर राग काढू नकोस. तो सगळा माझा आहे, माझ्यासाठीच आण.

अकरा वर्षं तुझ्याशी खोटं बोललेली, आणि तरीही तुझीच,
धाकटी