मारिया, वय आठ महिने

येशू मरिया जोसेफ

सोलापूर, रविवार, ता. २२ मार्च १९३१

तीर्थरूप दादास,

धाकट्या मोनिकाचा नमस्कार. तीर्थरूप लिहिलं म्हणून हसू नकोस. दवाखान्यातल्या कंपौंडरनं मला पत्राची हीच रीत शिकवली, आता हात दुसरीकडे वळत नाही.

तुझं कार्ड पोचलं. वहिनींचा खोकला उतरला हे वाचून जिवाला बरं वाटलं. अडुळशाचा काढा इतक्यात बंद करू नका, आणि त्यात मध घाला, गूळ नको. मी बरी आहे. इथे गोवराची साथ आहे, दवाखान्यात आम्हा नर्सांना उसंत नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला. हे खरं आहे, पण एवढंच खरं नाही. बाकीचं खाली लिहिते.

तू विचारलंस, नव्या फादरांनी पवित्र सप्ताहात ख्रिस्ताच्या दुःखसहनाची गाणी म्हणायला बोलावलंय, तर कोणत्या दिवशी निघू. त्याचंही उत्तर देते. आधी चर्चची हकीकत ऐक, नाहीतर माझ्यानं पुढचं लिहवणार नाही.

आज मूर्ती जांभळ्या कापडात झाकल्या. दरवर्षी कापड कमी पडतं आणि संत जोसेफाचे पाय उघडे राहतात. या खेपेस रेल्वेतल्या फर्नांडिसबाईंनी आपला जुना जांभळा झगा उसवून दिला. मग तो वेदीपाशी चालेल की नाही, यावर दोन रविवार वाद झाला. गेल्या वर्षी गावात मार्शल लॉ होता तेव्हासुद्धा आपल्या लोकांत एवढी कुजबुज नव्हती. शेवटी झगा चालला. संताचे पाय झाकले. फर्नांडिसबाई मात्र मिस्साची उपासना संपेपर्यंत वेदीकडे बघत होत्या, ते भक्तीनं की झग्याच्या आठवणीनं हे देवाला ठाऊक.

बाकी सगळं तू पाहून गेलास तसंच आहे. पुढच्या बाकांवर रेल्वेचे साहेबलोक, त्यांच्यामागे गोव्याचे, मग मद्रासचे, आणि शेवटी जाजमावर आपण मराठी. देवाच्या घरी सगळे सारखे असं फादर सांगतात आणि आम्ही जाजमावरून मान डोलावतो. गेल्या रविवारी त्यांनी बोलपटांवर प्रवचन केलं. मुंबईला पडद्यावरची चित्रं बोलायला लागलीत म्हणे, आणि ती आत्म्याला घातक आहेत. पुष्कळांना ही बातमी त्या प्रवचनातूनच कळली. बाहेर पडल्यावर जो तो विचारत होता, आपल्याकडे कधी येणार?

नवे फादर वाईट नाहीत, दादा. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून तू त्यांच्यावर चिडणार नाहीस. तरुण आहेत, रात्रंदिवस राबतात, आजाऱ्याकडे सायकलवरून उन्हातान्हात जातात. मराठी पुण्याच्या कुणा शास्त्र्याकडून शिकलेत, त्यामुळे मला 'हे भगिनी' म्हणतात. जुने फादर मला 'ए मोनिका' म्हणायचे. एवढा एकच दोष काढता येईल. दुसरा असा की त्यांना रिकामी जागा बघवत नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. मला सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात जावं लागेल. तुला ती गोष्ट ठाऊक आहे, पण तू ती तुझ्या बाजूनं जाणतोस.

शेजारच्या चन्नवीरची पोर आठ महिन्यांची होती. मिलच्या ऑफिसात कारकून आहे तो चन्नवीर. दाक्षायणी त्याची बायको. पहिलंच लेकरू, आणि जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत नुसतं कातडं उरलं होतं. डॉक्टर हात झटकून गेले. लिंगायतांचं घर, पोरीच्या गळ्यात लिंग बांधलेलं. आजीनं मातीच्या तयारीची विभूती काढून कोनाड्यात ठेवली होती. मी ओल्या फडक्यानं पोरीचं कपाळ पुसत होते. धर्मशिक्षणाच्या वर्गात तूच आम्हाला शिकवलंस ना, मरणाच्या दारातल्या लेकराला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, पाणी आणि शब्द एवढंच लागतं. ताप उतरवायच्या निमित्तानं मी कपाळावर वाटीभर पाणी ओतलं आणि ओठांतल्या ओठांत शब्द म्हटले. नाव मारिया ठेवलं. मरणारच आहे, निदान स्वर्गात तरी जाईल, असा हिशेब केला.

असला हिशेब मी का करते, हे तुला सांगायला नको. माझं स्वतःचं लेकरू तासभर जगलं. त्या तासात त्याचा बाप फादरांना बोलवायला धावला आणि मी वाट बघत पडून राहिले. उशाशी तांब्या होता, दादा. त्या दिवसापासून हाताखाली मरणारं कुठलंही लेकरू मी कोरडं जाऊ दिलेलं नाही. कुणाला विचारलंही नाही.

आणि पोर जगली. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले, पाचव्या दिवशी दूध मागितलं. देवानं माझं ऐकलं आणि मला पंचाईतीत टाकलं. मी जुन्या फादरांकडे गेले. पाणी ओतलं त्याच दिवशी मी त्यांना कळवलं होतं आणि त्यांनी रजिस्टरात लिहिलं होतं, 'मारिया, वय आठ महिने, मरणोन्मुख'. पुढच्या रकान्यात मृत्यूची तारीख लिहायची असते. ते लेखणी हातात धरून बराच वेळ बसले. मग लेखणी पुसून ठेवली आणि म्हणाले, 'ए मोनिका, जा घरी. पोरीला पेज पाज.' रकाना रिकामाच राहिला.

तुला मी तेव्हा मोठ्या अभिमानानं कळवलं होतं. दोन वर्षांपूर्वी तू आलास तेव्हा नीलव्वा (घरच्यांनी ठेवलेलं नाव) तुझ्या मांडीवर बसून शेंगदाणे खात होती. तू तिच्या डोक्यावर हात ठेवून मला विचारलंस, हीच ना ती? मी हो म्हटलं. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी नव्या फादरांनी मला चर्चच्या ऑफिसात बोलावलं. समोर रजिस्टर उघडं. त्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, 'हे भगिनी, ही बालिका जिवंत आहे की मृत?' मी विचारलं, जिवंत असली तर? ते म्हणाले, तर ती आपली आहे. तिला धर्मशिक्षण मिळालं पाहिजे. आईबापांना सत्य सांगितलं पाहिजे, मी स्वतः जाईन. आणि हे सांगताना त्यांचा चेहरा इतका आनंदी होता, जसं हरवलेलं कोकरू सायकलवर घालून आणणारच आहेत.

मला सगळं दिसलं. सायकल चन्नवीरच्या दारात लागलेली. आळी गोळा झालेली. मिशनवाले पोरं बाटवतात असं बोलणारे काल होते, आजही आहेत, आणि गावाचं डोकं अजून गेल्या वर्षीपासून तापलेलं आहे. पण दादा, तुझ्याशी कशाला लपवू? मी गावाला भ्यायले नाही. मला दाक्षायणीचं तोंड दिसलं. सहा वर्षं ती साऱ्या आळीला सांगत आलीय की बाईच्या हाताला गुण हाय, माझी पोर बाईनं दिली मला. तिला कळणार की मी तिची पोर तिला दिली नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच वाटीतल्या पाण्यानं, घेतली होती.

मी म्हटलं, 'मेली, फादर. दुसऱ्याच दिवशी.'

त्यांनी तारीख घातली, नावापुढे छोटा क्रूस काढला, आणि उभे राहून त्या देवदूतासाठी प्रार्थना केली. मीही हात जोडून 'आमेन' म्हटलं. बाहेर आले तर नीलव्वा आमच्या ओट्यावर सागरगोटे खेळत बसलेली.

तेव्हापासून मी कम्युनियनला, वेदीपाशी पवित्र भाकर घ्यायला, उठलेली नाही; मनात हे पाप ठेवून ती घेता येत नाही. तीन रविवार. जाजमावरच्या बायका आता वळून बघतात. मी गोड तोंडानं सांगते, सकाळी चहा घेतला गेला, कम्युनियनआधीचा उपास मोडला. म्हणजे एका खोट्याला दुसरं. तू म्हणशील, पापनिवेदनाला जा, फादर बाहेर शब्द काढू शकत नाहीत. ते मलाही ठाऊक आहे. पण आत ते मला काय सांगतील? 'जा, आधी खरं बोल, मग क्षमा.' आणि क्षमा मिळवायची तर पश्चात्ताप लागतो. तो मी शोधून पाहिला. खोटं बोलल्याचं वाईट वाटतं, पण पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन.

मग गोवर आला. मागच्या शनिवारी नीलव्वा तापली. मंगळवारी अंगभर पुरळ, डोळे मिटलेले, श्वास घरघरायला लागला. मी शेकडो गोवर पाहिलेत, घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण मी घडीघडीला तिची नाडी बघत होते. मीच तिला मेली म्हटलं होतं. तेही फादरांसमोर, तारखेसकट. देवानं आता माझा शब्द खरा करायचं मनावर घेतलं, अशीच माझी खात्री झाली. तू याला अडाणीपणा म्हणशील. म्हण.

गुरुवारी दुपारी दाक्षायणीनं माझा हात धरला. म्हणाली, 'बाई, तवा तुमी एक मंत्र म्हटला व्हता. आठवतंय मला. तोच म्हणा की परत.'

सहा वर्षं मला वाटत होतं तिनं ऐकलं नसेल. मी म्हटलं, 'तो एकदाच म्हणायचा असतो.'

'व्हय? मग दुसरा काय असंल तो म्हणा.'

मी पोरीच्या उशाशी बसून 'नमो मरिये' म्हणायला लागले. दहादा म्हटलं असेल. दाक्षायणी भिंतीला टेकून ऐकत होती. मी थांबले तशी तिनं विचारलं, 'कुटल्या देवाचा हाय हा?'

'आमच्या,' मी म्हटलं.

मला वाटलं, आता विचारील, आता सगळं बाहेर पडेल, आणि पडलं तर बरंच होईल. पण तिनं पोरीचं पांघरूण सारखं केलं आणि शांतपणे म्हणाली, 'मग त्याला नीट सांगा, बाई. पोर आमची हाय म्हणावं. त्याची न्हाय.'

तिला काय कळलंय आणि काय नाही, मी विचारलं नाही. तिनंही पुढे काही काढलं नाही. मी पुन्हा डोळे मिटले आणि तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत देवाला सांगितलं. इतक्या वर्षांत अशी सरळ प्रार्थना मी केली नव्हती. शुक्रवारी पहाटे ताप उतरला. ऐकलं म्हणून उतरला की गोवरच तेवढ्या दिवसांचा होता, यावर मी बोलणार नाही. आज तिनं दोन घास भात खाल्ला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दादा, येऊ नकोस.

फादरांनी तुला जेवायला बसवलं की ते मरणोन्मुख बाप्तिस्म्यांचा विषय काढणारच. तू नीलव्वाला पाहिलंयस, आणि तुला खोटं बोलता येत नाही. तुझ्यावर ती वेळ आणायची नाही मला. माझ्यासाठी खोटं बोल, असं मी तुला म्हणणार नाही. एका घरात एकीनं आत्मा धोक्यात घातला तेवढा पुरे. वहिनींचा खोकला पुन्हा उठला असं फादरांना कळव, असंही लिहिणार होते, पण बघ, तेही खोटंच. काय कळवायचं ते तुझं तू ठरव. मला टाकायची असेल तर तेही सरळ कळव, मी समजून घेईन.

तुझा आवाज ऐकून दोन वर्षं झाली. शुभ शुक्रवारी तू क्रूसाखाली उभा राहून गातोस तेव्हा पुढच्या बाकांवरचे साहेबलोकसुद्धा मागे वळून बघतात. तू आला नाहीस की यंदा ते गाणं फर्नांडिसबाई म्हणतील. मी जाजमावर बसून ऐकेन. ईस्टरला सगळे वेदीकडे उठतील तेव्हा मी माझ्या जागी बसून राहीन, आणि कुणी विचारलं तर चहाचं सांगणार नाही. नुसतं म्हणेन, जमत नाही.

माझ्यासाठी प्रार्थना कर. पण दादा, प्रार्थनेत त्या पोरीचं नाव घेऊ नकोस. दोन्ही नावांपैकी एकही.

भुकेली, पण उठून पंगतीला न येणारी,
तुझी बहीण
मोनिका