मान तू हलवलीस, आत्या

मान तू हलवलीस, आत्या. हे आधी कबूल कर, मग माझ्या शिक्षणाचं काय ते काढ.

तीर्थरूप चंद्रावती आत्यास शिवाचा दंडवत (रोह्याहून नाय, तुझ्याच हमरापूरच्या ओटीवरून). तू कार्ड बंद करायला पेणला बँकेत गेलीस. गुडघा फार दुखला नसेल अशी आशा.

तर काल तू बाप्पाचे डोळे आखत होतीस. तेव्हा तुझ्या गणपतीच्या कारखान्यात कुणी मोठ्यानं श्वासपण घेत नाय, आणि नेमका तुझा फोन वाजला. मी तो पडवीत नेला. समोरचा म्हणाला, बँकेतून बोलतो, तुमचं कार्ड आज बंद पडणार. (आवाज इतका आर्जवी, की माझ्या कादंबरीत घ्यावा.) मी दारातून तुला कार्ड दाखवलं, नंबर देऊ का, असं खुणेनं विचारलं. तू मान खाली-वर केलीस. बाप्पाची नजर सरळ लागली का ते तू बघत होतीस, हे मला आज कळतंय.

मग मी सोळा आकडे वाचले, माझ्या कवितेसारखे थांबत थांबत. मुदत वाचली, मागचे तीन वाचले. "साहेब, काय छान वाचता," म्हणाला. तीन वर्षांत माझं वाचन शेवटपर्यंत ऐकणारा हा पहिलाच माणूस. शेवटी फोनवर सहा आकडे आले, खाली लिहिलेलं, हे कुणालाही सांगू नका. मी ती ओळपण वाचून दाखवली (अर्धवट वाचायची सवय नाय). तो म्हणाला, "बरोबर, म्हणूनच फक्त मला सांगा." रंगासाठी ठेवलेले अठरा हजार गेले तेव्हा तू दुसरा डोळा आखत होतीस.

आता दोनशे गणपती पांढरेच राहायची वेळ आली. "कालेज शिकलास त्यापरीस म्हशी राखायच्या व्हत्यास," म्हणालीस, ते पटलं. म्हशीनं निदान नंबर सांगितला नसता.

तुझा भाचा,
शिवा

ता. क. काळजी मिटली. तू गेल्यावर मला बँकेच्या पैसे परत करणाऱ्या विभागातल्या माणसाचा फोन आला. हा वेगळा, कालच्याला फार शिव्या घालत होता. तुझं कार्ड बंद, म्हणून पैसे तुझ्या मालूच्या कार्डावर येणार. लेकीचं कार्ड देवघरात सापडलं, आकडे दिलेत. चार वाजता तिच्या फोनवर सहा आकडे येतील, तेवढे त्याला सांगायला लाव.

आणखी ता. क. पत्र रंगाच्या रिकाम्या डब्याखाली ठेवलंय. वाचशील तेव्हा माझ्या रोह्याच्या गाडीनं निडी स्टेशन सोडलेलं असेल. या खेपेला मी तुझ्या मानेची वाट बघितली नाय.