अण्णाच्या सत्काराची कार्यवाही

शनवारा, बुऱ्हाणपूर
मंगळवार, दुपारी जेवणानंतर

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्या गजाननाचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, अलकाचा गुडघा तेवढा पायऱ्या दिसल्या की दुखतो. तुझी तब्येत कशी आहे? (दर पत्रात दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला हा प्रश्न असतो आणि तू त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीस, हे मला माहीत आहे. समोर बसून विचारलं तरी चाळीस वर्षं तुझं एकच उत्तर, ‘बरी आहे, पुढे बोल’, जणू मी तुझ्या तुकईथडच्या शाळेत चौथीचा धडा वाचायला उभा आहे. या खेपेला मात्र मी रीत म्हणून विचारलेलं नाही. का, ते पुढे येईलच. तोवर एक कर, स्वतःला एक बारीकसा चिमटा काढून बघ आणि दुखलं तर समासात बरोबरची खूण कर.)

तर रविवारी आमच्या मंडळाने अण्णाचा सत्कार केला. तुला पत्रिका पाठवली होती, ती तू लाल शाईने दोन चुका सुधारून, खाली ‘वाचले’ असा शेरा मारून परत पाठवलीस, तेव्हा तू येणार नाहीस हे कळलंच होतं. खरं सांगायचं तर मंडळातल्या निम्म्या लोकांना अण्णा भोपाळला नक्की काय करत होता हेच ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे विधानसभेत बाबू होता, कोणी म्हणे मार्शल होता (अण्णाची छाती बघून कोणाला हे सुचलं देव जाणे), आणि आमच्या वॉर्डाचे पार्षद मोहितभैया, जे प्रमुख पाहुणे होते, त्यांना तर तो आमदारच होता असं वाटत होतं आणि कुठल्या पार्टीचा, हे ते मला बाजूला घेऊन तीनदा विचारून गेले. मग मी सगळ्यांना समजावून सांगितलं की माझा थोरला भाऊ, म्हणजे अण्णा, प्रतिवेदक होता. सभागृहाच्या मधोमध टेबल असतं, तिथे बसून जो जे बोलेल ते शॉर्टहँडमध्ये उतरवायचं. पाच मिनिटं लिहायचं, उठायचं, दुसरा येऊन बसतो, आपण आत जाऊन ते सुवाच्य करायचं आणि पाळी आली की परत यायचं. मान वर करायची नाही. कोण बोलतंय हे आवाजावरून ओळखायचं आणि आवाजापुढे नाव लिहायचं. दोनशे तीस माणसं एकदम ओरडत असली तरी अण्णाने सदतीस वर्षांत एका नावापुढे दुसऱ्याचं वाक्य लिहिलं नाही. एकदा एक माननीय सदस्य ‘मी असं बोललोच नाही’ म्हणून हटून बसले, तेव्हा टेप काढून ऐकली, तर अण्णाने त्यांचं वाक्यच काय, मधला खोकलासुद्धा बरोबर जागी लिहिलेला होता. हे मी मुद्दाम सांगतो आहे, ताई. अण्णाच्या लिहिण्यात चूक नसते, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाच.

समारंभ तसा चांगला चालला होता. शाल झाली, नारळ झाला, मानपत्र मी वाचलं (घसा बसला होता, तरी वाचलं). मोहितभैया लोकशाहीचे तीन स्तंभ सांगून चौथ्यापाशी अडकले आणि तिथून केळीच्या भावाकडे वळले. साउंडवाल्याचा डबा मधूनमधून असा किंचाळत होता की पुढच्या रांगेतली पोरं कानात बोटं घालून बसली. अण्णा स्टेजवर खुर्चीत बसून सवयीने मांडीवर वही घेऊन लिहीत होता, आणि दर पाच मिनिटांनी उठून उभा राहत होता. तो उठला की लोकांना वाटे आता बोलतील, की टाळ्या. मग तो शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून ‘बसा’ अशी मान हलवायचा आणि भानावर येऊन पुन्हा बसायचा. असं चारदा झालं. शेवटी सत्काराला उत्तर द्यायला मी त्याला माइकपाशी उभं केलं. अण्णाने घसा साफ केला आणि म्हणाला, ‘‘मला बोलायची सवय नाही. तुम्ही बोला, मी लिहितो.’’ एवढं बोलून खाली बसला आणि त्याने वहीचं नवं पान उघडलं.

लोक हसले. मग सगळ्यांना वाटलं, थोडं थांबू, बोलतील. आणि ताई, हॉल गप्प झाला. आपल्या बुऱ्हाणपुरात दोनशे माणसं एका छपराखाली गप्प बसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, दोन मिनिटं श्रद्धांजलीला उभे राहिले तरी मागे कोणीतरी कापसाचं बोलत असतं. पण परवा पंखेसुद्धा ऐकू येत होते. संध्याकाळचे सव्वापाच, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. आणि त्या शांततेत अण्णा खाली मान घालून लिहीत होता. थांबायचा, कान जरा डावीकडे करायचा, लिहायचा, कान उजवीकडे करायचा. उजवीकडे तिसऱ्या रांगेतल्या सात खुर्च्या रिकाम्या होत्या (तिथे पंखा लागत नाही). त्याने पान उलटलं, मग दुसरं उलटलं. मी मनाची समजूत घातली की म्हातारा माणूस, भारावून गेला असेल. इतक्यात मोहितभैयांच्या मोबाइलवर मोठ्याने आरती वाजायला लागली, सगळे हसले, टाळ्या झाल्या आणि कार्यक्रम संपला. ‘‘दादा, मला पुढे अजून एक प्रोग्राम आहे, अंकलजींना सांगा, बहोत बढिया बोलले,’’ असं म्हणून ते गेले.

सोमवारी सकाळी मी अण्णाकडे वही मागितली. मंडळाच्या रजिस्टरात कार्यवाही, म्हणजे कोण काय बोललं ते, लिहायची असते आणि मी सचिव असूनही (तुला माझा स्वभाव माहीत आहे) एक अक्षर लिहून घेतलं नव्हतं. अण्णाने चहा होईपर्यंत सगळं सुवाच्य करून दिलं. स्टेजवर चार जण बोलले होते. अण्णाच्या कार्यवाहीत आठ जण होते. मी म्हटलं, मागून कोणी काही ओरडलं असेल, आणि वाचायला लागलो.

‘श्री. सुपडू गुरुजी: आवाज कमी करा.’ आता सुपडू गुरुजी आयुष्यभर प्रत्येक कार्यक्रमात उठून हेच एक वाक्य बोलले हे खरं, पण त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. पुढे, ‘श्रीमती भागाबाई: चहात साखर नाही.’ भागाबाई मागच्या दिवाळीच्या आधीच गेली. आणि त्याखाली, ‘श्री. लोटू, चौकीदार: चपला ओळीत काढा.’ लोटू कोरोनात गेला, त्याला खांदा द्यायलाही कोणी मिळालं नव्हतं.

मी हसलो. म्हटलं, अण्णाला जुने दिवस आठवले असतील. पण अलका पोळ्या लाटता लाटता ऐकत होती, तिचा हात थांबला. रविवारी हॉलवर चहाच्या दुसऱ्या पातेल्यात ती साखर टाकायला विसरली होती, आणि ते पातेलं तिने तसंच्या तसं घरी आणून मोरीत ओतलं होतं, कोणाला कळू नये म्हणून. मग मला आठवलं की साउंडचा डबा त्या शांततेनंतर एकदाही किंचाळला नव्हता (साउंडवाल्याला मी शाबासकी दिली तेव्हा तो म्हणाला, मी तर हातच नाही लावला). आणि मग चपला. ताई, हॉलच्या दाराशी दोनशे लोकांच्या चपला होत्या आणि बाहेर पडताना सगळ्या ओळीत होत्या, जोडीला जोडी लागलेली. मला वाटलं होतं, लोक सुधारले.

मी वर जाऊन अण्णाला विचारलं, अरे, ही माणसं आता नाहीत. तो वर्तमानपत्र वाचत होता. म्हणाला, ‘‘मी ऐकलं ते लिहिलं. कोण हजर आहे आणि कोण नाही, ते बघायचं काम माझ्याकडे कधीच नव्हतं.’’ मग मी जरा धीर करून विचारलं, आई होती का? अण्णाने पेपर खाली ठेवला. म्हणाला, ‘‘मी वाट पाहिली. दोन पानं वाट पाहिली. नाही बोलली.’’ मग पेपरची घडी घालत म्हणाला की मी तिच्या वेळेला नव्हतो, ती माझ्या वेळेला आली नाही, बरोबरच आहे तिचं. मला अतिशय वाईट वाटलं, ताई. तुझा राग मला कळतो. आई गेली तेव्हा विधानसभेचं बजेट सत्र चालू होतं, तो आला नाही, दहाव्याला आला. मी डॉक्टरला आणायला गेलो होतो, तिच्याजवळ तू एकटी होतीस. ‘‘ज्याला दोनशे तीस लोकांचं ऐकायला वेळ होता, त्याला आईचं एक वाक्य ऐकायला नव्हता. आता ते मी त्याला सांगणार नाही, आणि तो दारात आला तर दारही उघडणार नाही,’’ असं तू म्हणालीस, त्याला सतरा वर्षं होतील. ना त्याने लग्न केलं ना तू, घराण्यातला संसार सगळा माझ्या एकट्याच्या डोक्यावर आला, आणि वर तुमचा दोघांचा अबोलाही मीच सांभाळतो आहे.

आता मुख्य गोष्ट. कार्यवाहीतलं आठवं नाव मी अजून सांगितलं नाही. ते असं आहे:

‘श्रीमती चारुलता: मला एवढंच सांगायचं आहे की आई शेवटी म्हणाली, (व्यवधान)’

व्यवधान म्हणजे बोलण्यात आलेला अडथळा, इथे मोहितभैयांची आरती. अण्णा म्हणतो, आवाज तुझाच होता, उजवीकडून, तिसऱ्या रांगेतून. सदतीस वर्षांत त्याचं सुटलेलं हे एकच वाक्य, आणि ते नेमकं हे. त्याने वही बंद केलेली नाही. खाली ‘कार्यवाही समाप्त’ असं लिहायचं असतं, तेही लिहिलेलं नाही. काल सकाळपासून मांडीवर घेऊन बसला आहे.

पण तो हे एवढंच धरून बसला आहे, आणि अलकाने बोटांवर नावं मोजली. ‘‘अहो, बाकीचे तिघं तर वर गेलेले आहेत,’’ ती म्हणाली, ‘‘मग त्यांच्यात ताईंचं नाव कसं काय येऊन राहिलं?’’ आणि तिने तोंडावर पदर धरला.

ताई, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तू आमचे फोन उचलत नाहीस हे जुनंच, पण पूर्वी निदान वाजायचा. दोन दिवस त्यातली बाई ‘पहुँच के बाहर’ म्हणते आहे, आणि आजवर इतकं साधं वाटलेलं ते वाक्य मला आता ऐकवत नाही. समज, फोन लागला आणि तू बोललीस, तरी माझं समाधान होणार नाही. आवाज तर अण्णानेही ऐकला. म्हणून म्हणतो, हाताने लिहून पाठव. लाल शाईने चालेल, माझ्या चुका काढून पाठवलंस तर फारच चांगलं. चुका पुष्कळ राहू दिल्या आहेत.

अलकाचा नमस्कार. मिठाईवाल्याकडून दराबा आणून ठेवला आहे, तुझ्या वाटचा कोणाला दिलेला नाही.

तुझा धाकटा,
गजानन

ता. क. समासात ती खूण केलीस ना? मग आणखी एक, ते वाक्यही पूर्ण करून टाक. आई काय म्हणाली, एवढंच. एक ओळ पुरे, म्हणजे अण्णाला वही मिटता येईल. त्याचं वय झालं ताई, आणि खरं म्हणजे माझंही. मलाही ते कधी कळलेलं नाही.

दुसरा ता. क. अलकाने आता वेगळंच काढलं आहे. ती म्हणते, अण्णाभाऊजींनी हे सगळं रचलं असेल, तू कळवळून यावीस म्हणून. सदतीस वर्षांत एक शब्द पदरचा न घालणाऱ्या माणसाने आता निवृत्तीनंतर घातला असेल. देवाशपथ सांगतो, तसंच असावं असं मला वाटतं. तसं असेल तर मी त्याचा पुन्हा सत्कार करीन, स्वतःच्या खर्चाने.

तिसरा ता. क. हे पत्र टाकण्यापूर्वी अण्णाला वाचून दाखवलं, कारण कार्यवाहीतला मजकूर घेतला तर प्रतिवेदकाला दाखवावा लागतो, असं तो म्हणाला. मी वाचत होतो आणि तो सवयीने खाली मान घालून उतरवत होता. आत्ताच त्याने सुवाच्य करून दिलं. माझं पत्र जसंच्या तसं आहे, माझ्या खोकल्यासकट. फक्त अगदी वर, ‘तुझी तब्येत कशी आहे?’ याच्यापुढे एक ओळ जास्तीची आहे:

‘श्रीमती चारुलता: बरी आहे. पुढे वाच.’

अलका म्हणते, बघा, बऱ्या आहेत, स्वतःच सांगून राहिल्या. तिचे ओठ पांढरे पडले आहेत. मी हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सकाळच्या पहिल्या बसने स्वतःच घेऊन येतो. अण्णाही येतो आहे, त्याने पेन्सिलीला टोक काढून ठेवलं आहे. त्याला आत घेऊ नकोस, हवं तर मलाही घेऊ नकोस, हवं तेवढं बोल आम्हाला. पण ताई, दार तूच उघड.