दादाच्या पत्रातल्या न वाचलेल्या ओळी

मी, ओतीलिया दा ग्रासा नाबाइश, वय बावीस, अविवाहित, व्यवसायाने परिचारिका, राहणार फ्रेइशेदा गाव, साबुगाल तालुका, पोर्तुगाल, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गेल्याच महिन्यात सैन्याच्या डॉक्टरांनी तिची आणि माझ्या गुडघ्यांची तपासणी करून दोन्ही ठणठणीत असल्याचा दाखला दिला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही. येत्या दोन नोव्हेंबरला मी हवाई छत्री पथकातील परिचारिका म्हणून आफ्रिकेतल्या आपल्या गिनी वसाहतीकडे निघत आहे. तिथे जखमी सैनिकांना हेलिकॉप्टरने उचलून आणायचे काम आहे, आणि खालून गोळी झाडणाऱ्याला आत परिचारिका बसली आहे हे दिसत नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

ते मी बंद प्रकारचे करत आहे. नोटरी ते न वाचता दोऱ्याने शिवतील आणि लाखेची मोहोर लावतील. आपल्या देशात वर्तमानपत्र सेन्सॉरच्या निळ्या पेन्सिलीखालून जाते आणि पत्र वाफेवर उघडले जाते. शिवलेले मृत्युपत्र मात्र लिहिणारा मरेपर्यंत कोणी उघडत नाही. मनातले स्पष्ट लिहायला मला मिळालेली ही पहिलीच जागा आहे. लांबण लागली तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

कलम १. मी यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. कायद्याने माझ्या आई-वडिलांचा जो हिस्सा ठरलेला आहे त्याला मी हात लावत नाही. उरलेल्याची व्यवस्था पुढीलप्रमाणे.

कलम २. माझ्या धर्ममातेने मला दिलेली चेस्टनटची तीन झाडे माझी आई लुदोविना हिला द्यावीत. झाडे आमची, जमीन एवारिश्तु पेरेस यांची, ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे. आईने पूर्वीप्रमाणेच खाली पडलेल्या चेस्टनटांपैकी एक टोपली एवारिश्तुकाकांच्या दारात ठेवावी. ते नको म्हणतील. तरी ठेवावी.

कलम ३. सुया उकळण्याचा माझा स्टीलचा डबा, दोन चिमटे आणि कात्री झुल्मिरामावशींना द्यावी. आम्हा तिघा भावंडांना त्यांनीच या जगात आणले. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की डब्यात लोणच्याचे ऑलिव्ह भरू नयेत.

कलम ४. माझी पुस्तके गावच्या शाळेला. अट एकच, ती मुलींनाही घरी न्यायला मिळावीत. शाळेच्या बाईंनी माझ्या वडिलांना सांगितले होते, “सेलेस्तीनु, मुलीला चौथी पुरे. पुढं शिकली की डोळे खराब होतात, लग्न जमत नाही.” माझे डोळे उत्तम आहेत. लग्नाचे अजून पाहिलेले नाही. बाईंबद्दल मनात राग नाही, पण शाळेचा शिक्का जिथे बसेल त्याशेजारी माझे नाव आणि ‘पदवीधर’ हा शब्द पुस्तकांवर शाईने लिहिलेला आहे. तो खोडू नये.

कलम ५. आमच्या गावचे सरकारी कारभारी सेन्योर आन्सेल्मु यांना मी काहीही देत नाही. कारण पुढच्या कलमात येईल.

कलम ६. माझ्या पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, पेटीच्या कागदाखाली, एक पत्र आहे. ते माझा थोरला भाऊ अमादेऊ याने सैन्यात असताना, अंगोला या तशाच वसाहतीतून, सन १९६३ च्या मार्चमध्ये लिहिले. त्याची बाकीची पत्रे टपालाने यायची आणि त्यांत प्रकृती, पाऊस आणि मिरचीचे जेवण एवढेच असायचे. हे एक पत्र त्याचा सोबती रजेवर येताना बुटात घालून घेऊन आला.

माझ्या आई-वडिलांना वाचता येत नाही. दादाची पत्रे मी वाचून दाखवायचे. मी तेव्हा चौदा वर्षांचीही नव्हते. तो रविवार होता. अंगोलाहून माणूस आलाय म्हटल्यावर अर्धे गाव आमच्या स्वयंपाकघरात जमले. चुलीजवळची खुर्ची सेन्योर आन्सेल्मुंना दिली, कारण ती नेहमी त्यांनाच दिली जायची. ते म्हणाले, “हं, वाच बाळ, मोठ्यानं. आपला शूर काय म्हणतोय ऐकू दे.”

मी पत्र उघडले. त्यात असे लिहिले होते, जसेच्या तसे उतरवते (लिओनेल म्हणजे आमचा धाकटा भाऊ):

“आम्ही कापसाच्या वखारीवर पहारा देतो. मालक लिस्बनमध्ये असतो, त्याला इथं कुणी पाहिलेलं नाही. इथल्या लोकांना कापूसच पेरावा लागतो. पोटासाठी मका पेरला तर फटके. त्यांनी पेरणार नाही म्हटलं की आम्हाला बोलावतात. बाबांना सांग, मी इथं आपला देश शोधला. मला वखारच दिसली. आणि लिओनेलला इथं पाठवू नका. काही झालं तरी पाठवू नका.”

मी खुर्चीकडे पाहिले. मागच्या वर्षी त्याच खुर्चीतल्या माणसाच्या एका शब्दावरून आमच्या लोहाराला पकडून नेले होते. मी तोंड उघडले आणि वाचले, “आई, बाबा, मी बरा आहे. मी इथं देशासाठी उभा आहे. तुम्ही मान ताठ ठेवा.”

बायका रडल्या. सेन्योर आन्सेल्मुंनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मला जवळ ओढून सगळ्यांसमोर माझ्या डोक्याचे चुंबन घेतले. त्यांनी असे आधी कधी केले नव्हते, नंतरही नाही.

सहा आठवड्यांनी दादा गेल्याची तार आली. जाण्याचे भाडे सरकारने भरले होते, शवपेटीच्या परतीचे आमच्याकडे मागितले. बाबांनी खेचर विकले, तरी पुरेना. दादा तिकडेच मातीत आहे. गावच्या दफनभूमीत बाबांनी त्याच्या नावाचा नुसता दगड बसवला. त्या दगडावर कोरले आहे: ‘मी इथं देशासाठी उभा आहे.’ ते वाक्य माझे आहे.

मी मेल्यावर हे पत्र कोणीतरी माझ्या वडिलांना सबंध वाचून दाखवावे. कोणी, ते पुढच्या कलमात सांगते.

कलम ७. माझा धाकटा भाऊ लिओनेल वीस वर्षांचा आहे. त्याला दहा जानेवारीला छावणीत हजर व्हायचे आहे. हे मृत्युपत्र मुळात त्याच्यासाठी आहे.

गेल्या आठवड्यात कोबीचे सार घेताना आमच्या घरात या विषयावर बोलणे झाले. बाबा म्हणाले, “सरकार दहा वर्षं लढतंय. उगाच लढेल का? कुणी हौसेनं एवढी पोरं पाठवतं का?”

मी म्हटले, “हौसेनं नाही बाबा. भीतीनं. चाळीस वर्षं मूठ आवळून बसलेत. एक बोट सैल केलं की सगळा हात सुटेल, म्हणून.”

“म्हणजे आपलं होतं ते सोडून द्यायचं? तुझी तीन झाडं उद्या कुणी मागितली तर देशील?”

“झाडं माझी आहेत, पण जमीन एवारिश्तुकाकांची आहे. मी झाडांसाठी म्हणून त्यांनाच त्यांच्या रानातून हाकललं तर? वर त्यांच्याकडूनच फुकट राबवून घेतलं तर?”

बाबांनी सार ढवळले. मग चमचा माझ्याकडे रोखून म्हणाले, “वा गं पदवीधर! सरकार खोटं म्हणतेस आणि त्याच सरकारच्या विमानातून उडी मारतेस!”

याचे उत्तर लांब आहे. इथे देते. युद्ध कशासाठी चालले आहे यावर मी खूप वाचले, रुग्णालयात परतलेल्या सैनिकांना विचारले. सगळे कापसासाठी आहे असे मी म्हणणार नाही. काहींना खरेच वाटते की आपण नसलो तर तिकडे अंधार होईल. पण ज्यांना तसे वाटते ते स्वतः जात नाहीत. जातात ते फ्रेइशेदासारख्या गावांतले. त्यांचे पाय उडतात तेव्हा मंत्रिमहोदयांचे कारण खरे होते की खोटे, यावर रक्त थांबत नाही. ते कोणीतरी हाताने दाबून थांबवावे लागते. म्हणून मी जात आहे. माझे जाणे हे सरकारला दिलेले मत समजू नये.

लिओनेल त्या दिवशी एवढेच म्हणाला, “ताई, तू जातेस आणि मी लपू? आणि दादानं स्वतः लिहिलंय ना, देशासाठी म्हणून. मी नाही गेलो तर तो दगड माझ्याकडं बघत राहील.”

बाबा म्हणाले, “बघ, हा खरा अमादेऊचा भाऊ.”

मी उठून ताटल्या गोळा केल्या. पत्र पेटीतच राहिले.

तर माझी इच्छा अशी: माझ्या मृत्यूनंतर कलम ६ मधील पत्र लिओनेलने स्वतः मोठ्याने आई-बाबांना वाचून दाखवावे, त्याच्या नावाची ओळ धरून. आणि त्यानंतर त्याने जे ठरवायचे ते ठरवावे.

पुरवणी.

वरचा मजकूर मी शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेआधी लिहून संपवला आणि पुन्हा वाचला. तेव्हा लक्षात आले की कलम ७ ला काही अर्थ नाही. हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडेल. लिओनेल जानेवारीत जाणार. म्हणजे त्याला वाचवायचे तर मला गिनीत पोचून दोन महिन्यांत मरावे लागेल, आणि मी धडधाकट परत आले तर तोच मेलेला असेल. मी ही व्यवस्था पूर्ण शुद्धीत केली होती, हे वाचून मला माझीच लाज वाटली. खुर्चीत आता कोणी बसलेले नव्हते आणि मी तेव्हाची मुलगीही नव्हते. तरी मी पत्र पुन्हा पेटीच्या तळाशीच ठेवत होते.

रविवारी जेवणानंतर मी दार लावले आणि पत्र वाचून दाखवले. सगळे.

बाबा म्हणाले, “परत वाच.”

मी परत वाचले.

“‘देशासाठी उभा आहे’, ते कुठं आहे?”

“नाही ते, बाबा.”

“दगडावर आहे.”

“ते मी रचलं होतं. आन्सेल्मु बसले होते म्हणून.”

आई चेस्टनट चिरत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “त्या दिवशी तू कागदाकडं बघतच नव्हतीस. मला वाटलं, लोकांसमोर लाजतेस.”

लिओनेलने माझ्या हातातून पत्र घेतले, आपल्या नावाच्या ओळीवर बोट ठेवले. “मी तेव्हा बारा वर्षांचासुद्धा नव्हतो. लढाई एवढी वर्षं चालणार हे दादाला कसं कळलं?”

“एका शिपायाला कळलं,” बाबा म्हणाले, “मग सरकारला कळलं नसेल होय?” ते उठले आणि टोपी न घालता बाहेर गेले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना आईला म्हणायचे, “तुझ्या शिकलेल्या लेकीला म्हणावं, मीठ इकडं दे.” मी मीठ द्यायचे. आठ वर्षे त्यांनी एका मुलाच्या शब्दांवर मान ताठ ठेवली होती आणि ते शब्द मुलाचे नव्हते. त्यांनी मला आणखी महिनाभर मीठच मागितले असते तरी मी तक्रार केली नसती.

मंगळवारी मी विचारले, “बाबा, दगडावरची ओळ घासून काढायची का?”

ते म्हणाले, “कशाला? पोराची नसली तरी पोरीची आहे. भ्यायलेल्या पोरीची. राहू दे.”

मग लिओनेलकडे वळून म्हणाले, “तुझ्या बुटांना नाल आहेत?”

“आहेत.”

“काढून टाक. खडकावर वाजतात.”

आई त्या दिवशीही चेस्टनट चिरत होती, ती थांबली. बाबांनी तरुणपणी बारा वर्षे पाठीवरून कॉफीची पोती स्पेनला नेली, सरहद्दीवरच्या शिपायांच्या नाकाखालून. आमच्या गावात असे न केलेले घर शोधावे लागेल. पण त्या वाटेने ते कधी माणूस घेऊन गेले नव्हते, आणि आता त्यांची कंबर धरते.

लिओनेल खाली मान घालून बसला होता. म्हणाला, “लोक मला पळपुटा म्हणतील.”

“म्हणू देत,” बाबा म्हणाले. “मला सगळ्यांनी शूराचा बाप म्हणून झालं. तेवढ्यानं खेचर परत आलं नाही, पोरगंही नाही.”

म्हणून मी पुढील बदल करते.

कलम ७ रद्द. अमादेऊचे पत्र माझ्या मालमत्तेतून वगळावे. ते बाबांनी मागून घेतले आहे आणि ते त्यांच्या जाकिटाच्या आतल्या खिशात आहे. माझी बचत मी ज्या कामाला लावली आहे त्याची नोंद इथे करत नाही. ती शिल्लक नाही, एवढे वारसांनी समजावे.

बाबा आणि लिओनेल गुरुवारी निघाले. बाबा शनिवारी एकटे परत आले. पलीकडच्या वाटाड्याच्या हाती त्याला सोपवला, मागे वळून पाहिलं नाही, असे म्हणाले. कोणी मागे वळले नाही ते मी विचारले नाही.

माझ्या वस्तूंत एका वस्तूची भर पडली आहे: लिओनेलच्या छायाचित्राचा अर्धा तुकडा, कपाळापासून हनुवटीपर्यंत फाडलेला. जाणाऱ्या माणसाने अर्धा तुकडा सोबत न्यायचा आणि फ्रान्सला सुखरूप पोचल्यावर टपालाने पाठवायचा, ही आमच्याकडची रीत आहे. दोन्ही तुकडे जुळले म्हणजे पोचला. हा तुकडा मी माझ्या आईला देते, आणि त्यासाठी माझ्या मृत्यूची वाट पाहत नाही. आजच दिला. दुसरा अजून आलेला नाही. तो येईल तेव्हा मी गिनीत असेन आणि तिला पत्र वाचून दाखवायला घरात कोणी नसेल. पण हे जुळवायला वाचता यावे लागत नाही.

हा कागद मी स्वतः लिहिला, स्वतः तपासला. खाडाखोड माझीच आहे आणि ती मला मान्य आहे.

(सही) ओतीलिया दा ग्रासा नाबाइश

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले, मजकूर पाहिला नाही:
१. एवारिश्तु पेरेस, शेतकरी, फ्रेइशेदा
२. द्युल्से फिगेइरा, परिचारिका, ग्वार्दा

ठिकाण: साबुगाल
दिनांक: १९ ऑक्टोबर १९७१