लाकडी तलवारींची खंडेनवमी

७ सप्टेंबर १९५८, रविवार
शिवाजीनगर. दौलूच्या सायकल दुकानामागच्या अंगणात तालीम. बारापैकी नऊ जण आले. सगळे लष्कराचे पेन्शनर, गुडघेही तसेच. दसऱ्याला देवनहळ्ळीच्या किल्ल्याखाली जुना वेढा उभा करायचा आहे. सहा जण आत, सहा बाहेर. बाहेरच्यांनी ओरडत धावून जायचं, तर हे पाऊल मिळवून चालतात. किल्ला घ्यायला निघालेत की गार्ड बदलायला? तीनदा सांगितलं. चौथ्यांदाही डावा-उजवा.

१४ सप्टें.
कारखान्यातल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या तासून बारा तलवारी केल्या. आज नरसोजी एक ओलांडून गेला. त्याला परत बोलावून नमस्कार करायला लावला. "लाकडाची असली तरी शस्त्र आहे. पलटणीत ओलांडली असतीस का?" नरसोजी इथल्या कानडी मुलखात मुरलेल्या जुन्या मराठी घरातला, लष्करात कारकून होता. "सरी अण्णा," म्हणून मुकाट्यानं वाकला. दौलू हसला. "हवालदार, उद्या खराटाही पूजाल." पलटणीत तो माझ्या हाताखाली नाईक होता. तेव्हा हसत नसे.

५ ऑक्टो.
आज पहिल्यांदा धावले! दौलूनं किल्लेदार असा उभा केला की शेजारच्या बायका गच्चीवर आल्या. सौ. म्हणते, रविवारी तुमचा चेहरा निराळा असतो. असेल. सात वर्षं स्टोअरमध्ये खिळे-स्क्रू मोजतोय. हे नीट पार पडलं तर... असो. देवाची इच्छा.

१८ ऑक्टो.
देवनहळ्ळीच्या मुनियप्पा मास्तरांचं पत्र; तिथला उत्सव त्यांच्याकडे. दसऱ्याला मैदानात पालखी आहे, तेव्हा खेळ आदल्या दिवशी, दुपारी. म्हणजे खंडेनवमीला! त्या दिवशी शस्त्रं पूजेत. दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. पलटणीत वीस वर्षं हेच पाळलं.

१९ ऑक्टो., रविवार
दौलू म्हणाला, "त्यात काय? लाकडी तलवारी पूजेत मांडूच नका. माझे सायकलचे पाने मांडा, तुमचा कोयता मांडा." मन घेईना. शेवटी हो म्हटलं. नरसोजी तापानं आला नव्हता. त्याला निरोप द्यायला हवा होता. मला वाटलं, दौलू देईल.

२१ ऑक्टो., खंडेनवमी
दौलू पहाटे दुकान उघडून घरी आंघोळीला गेला. मी आणि तो बरोबरच दुकानात आलो तर आत पूजा झालेली. पान्यांशेजारी बाराही तलवारी, हळद-कुंकू, झेंडू, फोडलेला नारळ. नरसोजी अंगात ताप घेऊन उभा. "पलटणीसारखं केलं ना, अण्णा?"
दौलू तलवार उचलायला वाकला. मी त्याचं मनगट धरलं.
"लाकूड आहे ते, हवालदार."
"काल होतं."
"तिकडे गाव वाट बघतंय."
"मी सांगतो मास्तरांना."
"मास्तरांचं राहू द्या. दीड महिना आम्हाला धावायला लावलंत, ते कशाला?"
मी मनगट सोडलं नाही. नऊची बस गेली. रस्त्यावर आमची माणसं फेटे बांधून उभी होती. एकेक जण फेटा सोडून हातात घेऊन गेला. नरसोजी तिथंच पायरीवर बसून रडला. त्याला काय म्हणायचं?
मी एकटाच पुढच्या बसनं गेलो. मास्तर "परवागिल्ला," म्हणाले, म्हणजे हरकत नाही. पाणी विचारलं नाही.

२२ ऑक्टो., दसरा
उत्तरपूजा केली. तलवारी उचलल्या. किती हलक्या! कुणीही आपली न्यायला आलं नाही. दौलूला सोनं द्यायला गेलो. त्यानं घेतलं, वाकून नमस्कार केला आणि आत गेला. संध्याकाळी देवापुढे बसलो. चुकलं असं वाटत नाही. बरोबर केलं असंही वाटत नाही.

२६ ऑक्टो., रविवार
दौलूनं दुकानाचं मागचं दार उघडून दिलं आणि कामाला लागला. दहापर्यंत नरसोजी एकटाच आला.
"अण्णा, दोघांत वेढा कसा घालायचा?"
"तू आत, मी बाहेर."
तलवार उगारून धावलो. दोनदा. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा मागून दौलूचा आवाज आला, "बाहेरचा पाऊल मिळवतोय!"
वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं. आत हवेचा पंप चालू होता. दार मात्र त्यानं लावलं नाही. मी पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिलो.