नवी संस्था आली की

साहेब, तुमचंच काम आता माझी नात करते. सेवाभावी संस्थांना सल्ला देते, कागद कसे ठेवायचे, कार्यकारिणीत कोणाला घ्यायचं, मदत मागायला कोणाकडे जायचं. नवी संस्था आली की आधी पोथीएवढा फॉर्म भरून घेते. मी म्हटलं, "आमना साहेबले एक कप चहाच पुरे व्हता." हसली. हसू दे. तिला काय ठाऊक? मी चहा आणून ठेवला की तुम्ही समोरच्याला म्हणायचात, "तुम्ही काय करता ते या बाईंना सांगा." मी चौथी नापास. माणूस सक्षमीकरण, सहभाग असलं बोलू लागला की मी विचारायची, "म्हंजे सकायले उठीसन काय करतस तुम्ही?" पुष्कळांची गाडी तिथेच अडायची. मला कळलं तर तुम्ही काम घ्यायचात, नाही कळलं तर हात जोडायचात. तुमच्या जिवावर मी फार मिरवले, साहेब.

धडगावच्या वरच्या पाड्यावरून त्या चार बाया आल्या तो दिवस. मराठी येणारी त्यांची एकच, तिला घाट लागला होता, ती खाली पायरीवर डोकं धरून बसलेली. बाकीच्या पावरी बोलतात. एक जण पदराची गाठ सोडते, तुमच्या टेबलावर बियाणं ओतते, ज्वारी, भगर, चवळी, आणि हातानं दाखवते, एवढं घरोघर द्यायचं, पीक आलं की एवढं परत घ्यायचं. तुम्ही माझ्याकडे बघता. मी म्हणते, "काहीच समजनं नई, साहेब." तुम्ही हात जोडलेत. त्यांनी दाणा न् दाणा वेचून पुन्हा बांधला आणि जिना उतरल्या. अर्धा तास तुम्ही एकाच फाइलीचं एकच पान बघत होतात. मग उठलात ते माझ्याच चपला पायात सरकवून एसटी स्टँडवर धावलात. बस लागायची होती म्हणून बरं. चौघींना घेऊन आलात, घाट लागलेलीला लिंबू-सरबत करायला लावलंत, तिच्याकडून सगळं समजून घेतलंत, आणि वर मलाच म्हणालात, "बाई, चूक तुमची नाही, माझीच पद्धत तोकडी." त्यानंतर नव्या संस्थेचं काम धरण्याआधी तुम्ही तिच्या गावी जाऊन बघायला लागलात, त्या खिळखिळ्या जीपमध्ये, गुडघे दुखत असताना.

त्या बायांचं काम अजून चालू आहे, कागद आता नात बघते. परवा तिनं विचारलं, "आजी, तुले पावरी येत नव्हती, म्हनीसन साहेब गावोगाव फिराले लागना ना?" मी हो म्हटलं.

पावरी मला आजही येत नाही. पण बी द्यायचं आणि पिकल्यावर परत घ्यायचं, हे माझ्या माहेरीही चालायचं. ते कळायला भाषा कशाला? मला सगळं कळलं होतं, साहेब. फरशी मी नुकती पुसलेली, आणि ओल्या फरशीवर त्यांचे धुळीचे पाय उमटत होते. मला त्या लवकर जायला हव्या होत्या, एवढंच. तुम्ही स्वतःकडे चूक घेतलीत तेव्हा मी पाठ करून कपबश्या विसळत राहिले. हे तुम्हाला लिहिलेले कागद आता चुलीत घालते. नातीला वाचता येतं.