टॅग मी काढला होता

प्रिय मामा,

आज माझा जुना माउस दुरुस्त झाला. तोच, काळा, वायरचा. चाक आता एकेक दाताने सरकतंय, पान मध्येच उडी मारत नाही. हे अमोललाही सांगता आलं असतं. पण तुमच्या मुलाला एवढंच सांगून भागणार नाही, सगळंच सांगावं लागेल. त्याचं धाडस गोळा करायला आधी तुम्हाला लिहितेय.

माझ्या माहेरी सासऱ्यांना पप्पा म्हणतात, तुमच्या दिघीत मामा. सुरुवातीला जीभ वळायची नाही. नंतर दिवसभर घरात आपण दोघंच असायचो. अमोल चाकणला कंपनीत, सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, आणि मी आतल्या खोलीत हिंजवडीच्या ऑफिसचं काम करत बसलेली. अकरा वाजले की तुम्ही चहा आणून टेबलावर ठेवायचात आणि दोन मिनिटं टेकायचात. "आज गुडघा लय धरलाय," "रात्री झोप न्हाई लागली," असलं काहीबाही सांगायचात. मी स्क्रीनवरून नजर न काढता हं हं करायचे. सुनेला चहा करून देणारा सासरा अख्ख्या आळीत एकच होता, आणि त्याचं मला काही वाटायचंच नाही.

माउसचं चाक बिघडल्याचं मीच तुम्हाला सांगितलं होतं, आठवतंय? खाली फिरवलं की पान वर जायचं. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "बघू इकडं. तीस वर्सं मेंटेनन्सला व्हतो मी. हे काय मशीनपरीस मोठं हाय व्हय?"

मी जेवायला उठले तेवढ्यात तुम्ही तो उघडला. चिमट्याने धूळ काढली, चाकाभोवती गुंडाळलेला माझाच केस काढला. चाकाच्या खाचांत बसणारी तारेची इवलीशी स्प्रिंग वाकली होती, ती सरळ करायला बाहेर घेऊन गेलात. जाताना झाकण नुसतं टेकवून ठेवलंत आणि जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा कापून वायरला दोऱ्याने बांधलात. त्यावर तुमचं गोल अक्षर: काम अर्धवट आहे. चालू करू नये. नामदेव.

तुमच्या कंपनीचा नियमच तो. मशीन उघडलं की टॅग लावायचा, आणि ज्याने लावला त्यानेच काढायचा. एकदा तुम्ही टॅग तसाच ठेवून घरी आलात, तर कंपनीची गाडी दारात आली आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठून चाकणला गेलात. एक पुठ्ठा काढायला! हा किस्सा ऐकून मी आणि अमोल पोट धरून हसलो होतो. तुम्ही नाही हसलात. "टॅग दिसला की आत माणसाचा हात हाय असं समजायचं," एवढंच म्हणालात.

मामा, तो टॅग मी पाहिला होता. वाचलाही होता. पण दहा मिनिटांनी क्लाएंटसमोर माझा डेमो होता, आणि टचपॅडवर माझं भरभर चालत नाही. मी दोरा ओढून टॅग काढला, झाकण दाबून बसवलं आणि वायर खोचली. स्प्रिंगच नाही म्हटल्यावर चाक दुसरं काय करणार? मी दहावी ओळ दाखवायला जावं तर शीट चारशेव्या ओळीवर. कुणीतरी हसलं. तेवढ्यात तुम्ही हातात काहीतरी काळं, गोल घेऊन दारात आलात आणि विचारलंत, "वैशाली, टॅग कुणी काढला गं?"

आणि माझं तोंड सुटलं. "मामा, ही तुमची कंपनी नाही. कळत नाही तिथे हात कशाला घालता? यापुढे माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावायचा नाही." माइक चालू होता. दहा-बारा जणांनी ऐकलं, त्यातले निम्मे मराठी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तुम्ही मला झापलं का नाहीत? हाताखालच्या कुणी असा टॅग काढला असता तर त्याला सोडलं असतंत का? तुम्ही नुसतं म्हणालात, "बरं. चुकलं माझं."

दुसऱ्या दिवसापासून चहा दाराबाहेरच्या स्टुलावर यायला लागला. कडीचा एक हलका आवाज, की चहा आला समजायचं. तुम्ही आत पाऊल टाकलं नाहीत. जेवतानाही गप्प. खरं सांगू? मला ते सोयीचं वाटलं. मीटिंगमध्ये कुणी येत नाही, बरं झालं, असंच वाटलं. माफी मागायचं रोज मनात यायचं आणि रोज मी ते उद्यावर टाकायचे. घरातलंच माणूस, जातंय कुठे? दोन महिन्यांनी एका सकाळी दाढी करता करता तुम्ही बेसिनपाशी खाली बसलात, ते परत उठलाच नाहीत.

दहाव्याला कावळा शिवेना. भावकीतले एकेक जण पुढे होऊन काय काय कबूल करत होते. शेवटी अमोल हात जोडून म्हणाला, "अप्पा, दोन महिने तुमी गप्प व्हता. छातीत दुखत असणार. माझ्या ध्यानातच आलं न्हाई, दवाखान्यात नेलं न्हाई. माफ करा." मी चार हातांवर उभी होते. तुम्ही का गप्प होता, हे तिथे मला एकटीला माहीत होतं. मी पदर तोंडाला लावला आणि कावळ्याकडे बघत राहिले.

तो अजून तेच धरून बसलाय. जेवता जेवता थांबतो आणि विचारतो, "मला कसं कळलं न्हाई गं?" मी म्हणते, "जाऊ दे ना."

आज नव्या माउसचंही चाक बिघडलं, म्हणून जुना शोधून उघडला. आत स्प्रिंग नव्हती. तुमच्या पलंगाखालचा पत्र्याचा डबा काढला, तर जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकाला ती चिकटलेली. सरळ केलेली, अगदी बसवायला तयार. त्या दिवशी दारात तुमच्या हातात काहीतरी काळं, गोल होतं, ते काय हे मला आज कळलं. तुम्ही ती बसवायलाच आला होतात. बसवायला मला पाच मिनिटं लागली, तुम्हाला दोनही लागली नसती.

कदाचित छातीत दुखतही असेल तुमच्या. पण पूर्वीसारखे टेबलाशी टेकला असतात तर ते मला सांगितलं असतंत ना? अमोलच्या ध्यानात आलं नाही, कारण तुम्ही त्याला कधीच सांगत नव्हतात. तुम्ही मला सांगायचात, आणि तुम्हाला बाहेर मी काढलं.

अमोलची फर्स्ट शिफ्ट सुटलीय, तासाभरात येईल. बाप गेल्याचं दुःख त्याचं आहे, पण हा दोष माझा आहे, आणि मी तो इतके दिवस त्याला वाहू दिला. आज तो चहा पिऊन झाला की सांगणार आहे, टॅगपासून सगळं. तो बोलेल ते ऐकून घेईन. बोलणं टाकलं तर तेही सोसेन. आणि मामा, एक शब्द देते. सांगताना मी रडणार नाही. मी रडले की तो आपलं सगळं विसरून मलाच समजावत बसतो. तेवढी पळवाट मी घेणार नाही.

तुमची सून,
वैशाली